तीन महिन्यांची शपथ



दारू असो वा मोबाईलवरची अश्लील चित्रे, व्यसनात अडकलेला माणूस एकदम जन्मभराचा निश्चय करतो आणि आठवड्यात मोडतो. पूजनीय मॅट टालबट यांनी तसे केले नाही.

त्यांचा जन्म १८५६ साली डब्लिनमधील गरीब घरात झाला. बाराव्या वर्षी मद्यव्यापाऱ्याकडे कामाला लागले आणि पिऊ लागले. पुढे मजुरी गुत्त्यात जाऊ लागली. एकदा तर रस्त्यावरच्या एका वादकाचे फिडल चोरून त्याची दारू प्याले.

१८८४ मधील एका शनिवारी खिसा रिकामा होता. ते गुत्त्याबाहेर उभे राहिले. ज्यांना अनेकदा पाजली होती, त्यांपैकी कोणीही आत बोलावले नाही. घरी येऊन त्यांनी आईला निश्चय सांगितला, धर्मगुरूंकडे जाऊन पापनिवेदन केले आणि दारू सोडण्याची शपथ घेतली. फक्त तीन महिन्यांसाठी! नंतर मुदत वाढवली, आणि मग आजन्म.

ते तीन महिने फार कठीण गेले. सेमिनरीत आम्ही इच्छाशक्तीवर पुष्कळ व्याख्याने ऐकली. खिशाबद्दल कोणी बोलले नाही. मॅट यांनी मात्र जवळ पैसे बाळगणेच सोडले. गुत्त्याची संध्याकाळ चर्चमध्ये काढू लागले, पहाटे कामाआधी मिस्सा. मार्गदर्शनासाठी डॉ. मायकल हिकी या धर्मगुरूंकडे जात. जुनी उधारी फेडली. फिडलवाल्याला खूप शोधले. तो सापडला नाही, तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करवल्या.

७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्साला जाताना ते रस्त्यात कोसळले व वारले. सुमारे ४१ वर्षे त्यांनी दारूला स्पर्श केला नव्हता. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली त्यांना पूजनीय घोषित केले.