जामिया जगविणारे डॉ. झाकिर हुसेन



भारताचे तिसरे राष्ट्रपती म्हणून डॉ. झाकिर हुसेन यांचे नाव तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. परंतु त्या पदाच्या कितीतरी आधी या माणसाने ऐन उमेदीची २२ वर्षे एका डबघाईला आलेल्या शिक्षणसंस्थेसाठी वेचली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना संस्था चालवायच्या आहेत, तेथे शिकवायचे आहे किंवा आपली मुले तेथे धाडायची आहेत, त्यांनी ही हकीकत अवश्य जाणून घ्यावी.

झाकिर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे मूळचे फर्रुखाबाद जिल्ह्यातील कायमगंजचे. वडील वकिली करीत. १९०७ साली ते वारले आणि १९११ साली प्लेगच्या साथीत आईही गेली. इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमधून हा पोरका मुलगा अलीगढच्या कॉलेजात आला. १९२० साली असहकाराची हाक आली. सरकारी मदतीवर चालणारे कॉलेज सोडून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला अलीगढ येथे जामिया मिल्लिया इस्लामियाची सुरुवात केली. २३ वर्षांचे झाकिर हुसेन त्यांत अग्रभागी होते.

उत्साहाच्या भरात संस्था निघाली, पण दिवस पालटले. असहकार चळवळ थांबली. १९२४ साली तुर्कस्तानात खिलाफतच रद्द झाली आणि खिलाफत चळवळीतून येणारा पैसा आटला. जामिया बंद करावी असे अनेक थोर मंडळी म्हणू लागली. हकीम अजमल खान यांनी मात्र ती १९२५ साली दिल्लीच्या करोलबागेत आणून कशीबशी तगविली. त्या वेळी झाकिर हुसेन बर्लिनला अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होते. संस्था मोडू नये, आपण व आपले मित्र तिच्यासाठी आयुष्य द्यायला तयार आहोत, असे त्यांनी तिकडून कळविले. १९२६ साली डॉक्टरेट घेऊन ते आबिद हुसेन व मुहम्मद मुजीब या दोन मित्रांसह परतले आणि वयाच्या २९ व्या वर्षी जामियाचे कुलगुरू झाले. पदवी जर्मनीची होती, तिच्या बळावर मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती, हे लक्षात घ्या.

१९२७ च्या अखेरीस हकीम साहेबांचे निधन झाले आणि संस्थेचा एकमेव मोठा आधार गेला. येथेच झाकिर हुसेन यांचे नेतृत्व कसाला लागले. दुसरा धनवान आश्रयदाता शोधण्याऐवजी त्यांनी संस्थेची घडीच बदलली. १९२८ साली जामियाचा कारभार तेथे राबणाऱ्या शिक्षकांच्याच मंडळाकडे आला. वीस वर्षे संस्थेची सेवा करायची आणि महिना १५० रुपयांहून अधिक वेतन घ्यायचे नाही, अशी प्रतिज्ञा या मंडळींनी केली. प्रत्यक्षात तेवढेही हाती पडत नसे. पगार अर्धवट मिळे, तोही उशिरा. त्या घरांतील बायकामुलांनी काय सोसले असेल, याची कल्पना आपण पालकांनी करावी. पण कुलगुरूही त्याच पंगतीत बसलेले होते, म्हणून कुरकुर करायला जागा उरली नाही.

पैशाची दुसरी वाट त्यांनी सामान्य माणसांकडून काढली. ‘हमदर्दान-ए-जामिया’ या नावाने गावोगावचे सहानुभूतीदार जोडले आणि त्यांच्या लहान लहान वर्गण्यांवर संस्था उभी केली. एक मोठा दाता गेला की संस्था बसते. शेकडो लहान दात्यांतला एखादा गळाला तरी ती चालू राहते. अर्थशास्त्राचा हा साधा हिशेब त्यांनी जामियाला लागू केला.

हिशेब जमला तरी शिकवणे ढिले पडू दिले नाही. मुलांनी स्वतः बँक व दुकान चालवून व्यवहार शिकावा, असे प्रयोग प्राथमिक शाळेत झाले. मुलांचे बूट मळके राहतात म्हणून एकदा कुलगुरू स्वतःच पॉलिश व ब्रश घेऊन दारात बसले, ही आठवण जामियात आजही सांगितली जाते. १९३५ साली ओखल्याला नव्या इमारतीचा पाया घालायचा झाला, तेव्हा तो मान एखाद्या नबाबाला किंवा पुढाऱ्याला न देता शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याला दिला.

आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचा संबंध आला. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद भरविली. मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा, ही कल्पना तेथे मांडली गेली. कमाईच्या मागे लागून मुले राबविली जाण्याचा धोका झाकिर हुसेन यांनी भर परिषदेत स्पष्ट दाखविला. आणि गंमत पाहा, अभ्यासक्रम ठरविणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले! शंका बोलून दाखवायची आणि मग जबाबदारीही उचलायची, असा हा माणूस होता.

नोव्हेंबर १९४६ मध्ये देश दंगलींनी पेटला असताना जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. एकमेकांचे तोंड न पाहणारे नेहरू, आझाद आणि जिना, लियाकत अली एकाच व्यासपीठावर आले. संस्था कोणा पक्षाच्या दावणीला बांधली नव्हती, त्याचे हे फळ. फाळणीनंतर अलीगढ विद्यापीठ संकटात सापडले, तेव्हा १९४८ ते १९५६ पर्यंत त्यांनी तेही सांभाळले. पुढे बिहारचे राज्यपाल, उपराष्ट्रपती व १९६७ साली राष्ट्रपती झाले. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. दफन मात्र जामियाच्या आवारात झाले.

त्यांनी १९४८ सालीच जामिया सोडली होती, तरी जामिया बंद पडली नाही. १९८८ साली ती केंद्रीय विद्यापीठ झाली. ज्या संस्थेचा भार अनेकांच्या खांद्यावर असतो, ती एका माणसाच्या जाण्याने कोसळत नाही. पालकहो, संस्थेच्या सभेचे बोलावणे येईल तेव्हा कोणीतरी जाईलच असे म्हणू नका. त्या अनेक खांद्यांतला एक खांदा तुमचा असू द्या.