इंदूरच्या खताचे जनक : सर आल्बर्ट हॉवर्ड

इंदूरचे नाव दूरवर कशामुळे गेले असे विचारले, तर आपल्यापैकी कोणी देवी अहिल्याबाईंचे नाव घेईल, कोणी अमीर खाँसाहेबांच्या गाण्याचे, तर कोणी कर्नल सी. के. नायडू यांच्या होळकर संघाचे. परंतु इंग्लंड-अमेरिकेतल्या एखाद्या जाणत्या बागाईतदारापुढे इंदूर हा शब्द उच्चारला, तर त्याच्या डोळ्यांपुढे ना राजवाडा येईल ना मैदान. येईल तो खताचा ढीग. काडीकचरा, शेण, राख आणि माती यांपासून तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची जी रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती आपल्याच गावी सिद्ध झाली. ज्यांनी ती सिद्ध केली त्या सर आल्बर्ट हॉवर्ड यांची ओळख आज करून द्यावी असे मी योजिले आहे.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. लंडन व केंब्रिज येथे शिक्षण आटोपल्यावर १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजला गेले. तेथे पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करीत असता एक उणीव त्यांना सतत बोचू लागली. रोगाचे नाव सांगावयाचे, औषध सुचवावयाचे, पण स्वतःच्या हाताने पीक काढून पाहण्यास वीतभर जमीन नाही! शेतकऱ्याच्या मुलाला ही विद्या पोकळ वाटली यात नवल नाही.

१९०५ साली ते बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएलबाई स्वतः केंब्रिजच्या नावाजलेल्या संशोधक होत्या. पुसा येथील गव्हाच्या सुधारलेल्या जाती हे या दांपत्याचे जोडकाम. त्यांचा संसार आणि संशोधन ही एकच गोष्ट होती असे म्हणावयास हवे.

पुशाला हॉवर्डसाहेबांना हवी ती जमीन मिळाली. परंतु खरा धडा त्यांना आसपासच्या शेतांनी दिला. तिथला कुणबी कसलेही विषारी औषध फवारीत नव्हता, तरी त्याची पिके बहुतेक निरोगी असत. तेव्हा त्यांनी त्या शेतकऱ्यालाच आपला गुरू केले, आणि दुसरा गुरू केला तो किडीला! कीड जिथे पडते तिथे जमिनीचे, पाण्याचे किंवा बियाण्याचे काहीतरी बिघडलेले असते. कीड ही शत्रू नसून दोष दाखविणारी परीक्षक आहे, असा त्यांचा सिद्धान्त बनला.

पुशाला एकच पीक अनेक खात्यांत वाटलेले असे. बियाणे एकाकडे, बुरशी दुसऱ्याकडे, किडे तिसऱ्याकडे. ही वाटणी त्यांना मानवेना. संपूर्ण रोपाचा एकत्र विचार करणारी संस्था हवी म्हणून त्यांनी खटपट केली आणि ती सफळ झाली इंदुरात. मध्यवर्ती कापूस समिती व मध्य भारतातील संस्थाने यांनी पैसा उभा केला, होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली, आणि १९२४ मध्ये येथील वनस्पति-संशोधन संस्था सुरू झाली. माळव्यापासून वऱ्हाडापर्यंत आणि पुढे आदिलाबादपर्यंत जी कापसाची काळी जमीन पसरली आहे, तिचा प्रश्न या संस्थेपुढे होता. पावसात चिखल, उन्हात भेगा, आणि वर्षानुवर्षे पोटात काही न पडल्याने उपाशी, अशी ती जमीन. शेणाच्या गोवऱ्या चुलीत जात; कापसाच्या पऱ्हाट्याही जळणाला जात.

नुसता कच्चा काडीकचरा जमिनीत गाडून भागत नाही. तो कुजविणारे सूक्ष्म जीव जमिनीतलेच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. म्हणून कुजण्याचे काम शेताबाहेर उरकावयाचे, ही इंदूर पद्धतीची किल्ली. पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरावयाच्या. मग तो चुरा, पाचोळा व गवत बैलांखाली अंथरावयाचे. दुसऱ्या दिवशी हे शेणामुताने भिजलेले अंथरूण खड्ड्यात थरांनी रचावयाचे. त्यावर गोठ्यातील मुताने मुरलेली माती, लाकडाची राख आणि पातळ शेणकाला टाकून पाणी शिंपावयाचे. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, पण खोल दोन-तीन फूटच. तुडवावयाचे मात्र मुळीच नाही, कारण हवा खेळली नाही तर माल कुजण्याऐवजी सडतो. लवकरच ढीग ६५ अंशांपर्यंत तापतो. सुमारे सोळा दिवसांनी, मग महिन्याने आणि मग दोन महिन्यांनी तो परतावयाचा. नव्वद दिवसांत काळेभोर, भुसभुशीत, मातीचा सुगंध असलेले खत तयार! पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून ढीग जमिनीवरच रचावयाचा.

यात नवे काय, असे कोणी विचारील. उकिरडा तर आपल्या वाडवडिलांनाही ठाऊक होता. भाजीच्या वाफ्याला कुजलेले शेण, वांग्याच्या पानांवर चाळलेली राख, आळ्यात निंबोळीची पेंड, हे आमच्या घरांतील जुन्या बायांना कोणी शिकवावे लागले नाही. चिनी शेतकऱ्यांची शतकानुशतकांची रीतही हॉवर्डसाहेबांनी पुस्तकांतून अभ्यासली होती, आणि हे ऋण त्यांनी कधी लपविले नाही. नवे होते ते मोजमाप. किती कचऱ्याला किती शेण, किती पाणी, कोणत्या दिवशी परतणे, हे सारे तपासून, कोणाही खेडुताला फारसा खर्च न करता जमेल असे त्यांनी बसवून दिले.

१९३० मध्ये गॅब्रिएलबाई निवर्तल्या आणि पुढच्याच वर्षी हॉवर्ड यांनी इंदूर सोडले. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्माजी इंदुरास आले असता त्यांनी मुद्दाम या संस्थेत जाऊन खताची रीत पाहिली. पुढे आफ्रिकेतील कॉफीच्या आणि आसामातील चहाच्या मळ्यांतही ती पोहोचली. १९४० साली हॉवर्ड यांचा प्रसिद्ध ग्रंथ आला. तो त्यांनी गॅब्रिएलबाईंच्या स्मृतीस अर्पण केला. २० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या सर्वच म्हणण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असे मी म्हणणार नाही. चांगल्या चाऱ्यावर पोसलेल्या आपल्या बैलांना शेजारच्या आजारी जनावरांशी संपर्क येऊनही लाळ-खुरकत झाले नाही, असे ते सांगत. परंतु तो काटेकोर प्रयोग नव्हता, आणि तेवढ्यावर इतरांनी लस टाळणे घातक ठरेल. कापसावरची गुलाबी बोंडअळी नुसत्या खताने हटत नाही, हेही आजचा शेतकरी जाणतो. परंतु कसदार, मोकळ्या जमिनीत मुळे बळकट होतात, पाणी टिकते आणि मुळांचे काही रोग कमी होतात, ही त्यांची मुख्य गोष्ट पुढील संशोधनाने खरी ठरविली आहे.

ती संस्था आज कृषी महाविद्यालय म्हणून उभी आहे. आपल्या शहरानेही कचरा वेगळा करून त्याचे खत व इंधन करण्यात २०१७ पासून देशात पहिला मान मिळविला. हॉवर्डसाहेबांचे नाव अशा वेळी निघते. परंतु या रीतीचे मूळ पुस्तक १९३१ मध्ये ऑक्सफर्डच्या छापखान्यातून बाहेर पडले, तेव्हा त्यावर एक नव्हे, दोन नावे होती. दुसरे नाव संस्थेतील त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचे. खड्ड्याच्या काठी उभे राहून नत्राचा हिशेब ठेवणाऱ्या या रसायनज्ञाचे नाव माझ्या ऐकण्यात फारसे येत नाही. परदेशी ग्रंथकारांनी ते गाळले तर समजू शकेल; आपण इंदूरकरांनी तरी ते गाळू नये.