इंदूरच्या वर्गातून बडोद्याच्या वर्गात : चित्रकार ना. श्री. बेंद्रे

दरवर्षी दहावीच्या निकालानंतर कोणी ना कोणी पालक शाळेत येतात आणि जरा बिचकतच विचारतात, की मुलाचा हात चांगला आहे, पण चित्रकलेला घातला तर त्याचे पुढे कसे होणार? आम्ही त्यांना ठाम उत्तर कधी देऊ शकलेलो नाही. म्हणून या अंकात आपल्याच गावच्या एका मुलाची हकीकत सांगत आहोत. त्याच्यापुढेही हाच प्रश्न होता आणि तो बरीच वर्षे सुटला नव्हता.

नारायण श्रीधर बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूरला झाला. ते सतरा वर्षांचे असताना, म्हणजे १९२७ साली, गावात एक लहानशी चित्रशाळा सुरू झाली. तिचे सर्वेसर्वा होते दत्तात्रय दामोदर देवळालीकर. स्वतः मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. त्या काळी कलाशिक्षण म्हणजे पांढऱ्या प्लॅस्टरचे पुतळे समोर ठेवून आठवडेच्या आठवडे घोटून छाया-प्रकाश काढणे, असा समज होता. देवळालीकर सरांनी ही शिस्त सोडली नाही, पण मुलांना वर्गाबाहेरही काढले. उन्हात बसा, समोरचे दृश्य पाहा, बारकाव्यांत अडकू नका, आधी उजेड कुठे आणि सावली कुठे ते ओळखा आणि ओल्या, भरघोस कुंचल्याने ते मांडा, असे त्यांचे शिक्षण. ऊन सरकण्याच्या आत चित्र संपवायचे, म्हणजे हात आपोआपच मोकळा होतो. माळव्यातल्या चित्रकारांच्या निसर्गचित्रांत पुढे जो मोकळेपणा दिसतो, त्याचे मूळ या वर्गात आहे.

मोजकी मुले आणि सगळ्यांना ओळखणारे एक सर, एवढाच पसारा. पण तिथून कोण कोण बाहेर पडले पाहा : बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, दे. ज. जोशी, देवयानी कृष्ण आणि आपले विष्णू चिंचाळकर गुरुजी. गुरुजींनी वाळक्या पानांतून आणि टाकाऊ वस्तूंतून केलेली चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, असे आपल्या पालकांतही पुष्कळ असतील. हुसेन यांचे वडील गिरणीत नोकरीला होते. मुलाला चित्रकार होऊ द्यावे, हे त्यांना पटवण्यात बेंद्रे यांचाही वाटा होता, असे सांगतात. वर्गातला मोठा मुलगा धाकट्यासाठी त्याच्या घरी जाऊन रदबदली करतो, हे आम्हाला फार आवडते.

बेंद्रे यांनी स्वतः मात्र दोन्ही दोर हातात ठेवले. एकीकडे चित्रकला आणि दुसरीकडे आग्रा विद्यापीठाची बी. ए. पदवी. १९३३ साली ते मुंबईची जी. डी. आर्ट परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढच्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक मिळाले, १९४१ साली सुवर्णपदक. हे वाचून वाटेल, की आता गाडी रुळावर आली. पण पदकांनी घर चालत नाही. डिप्लोमा झाल्यापासून कायमची नोकरी मिळेपर्यंत सतरा वर्षे गेली. त्यातली तीन वर्षे त्यांनी श्रीनगरच्या व्हिजिटर्स ब्युरोत काढली. काही काळ मद्रासला चित्रपटांचे कलादिग्दर्शन केले. १९४५ साली ते शांतिनिकेतनात राहिले. तिथे नंदलाल बोस, रामकिंकर बैज, विनोदबिहारी मुखर्जी यांचा सहवास लाभला. १९४७-४८ साली अमेरिकेला जाऊन न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये मुद्राचित्रणही शिकले. पदकविजेता माणूस सदतीस वर्षांचा झाल्यावर पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसतो, ही गोष्ट आम्हाला त्यांच्या पदकांहून मोठी वाटते.

१९५० साली बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विभाग सुरू झाला. हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या. चित्रकलेची जबाबदारी बेंद्रे यांच्याकडे आली, तर शिल्पकला शंखो चौधुरी पाहू लागले. इथे इंदूरचा वर्ग पुन्हा भरला म्हणायला हरकत नाही. बेंद्रे नुसते सांगत नसत, मुलांसमोर उभे राहून चित्र काढून दाखवत. कोरा कॅनव्हास भरत कसा जातो, सर कुठे थांबतात, काय पुसतात, हे मुलांना डोळ्यांनी दिसे. आणि तरीही त्यांच्या विद्यार्थ्यांची चित्रे त्यांच्यासारखी झाली नाहीत. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख, हिंमत शाह यांच्या कामांत एकमेकांशी साम्य शोधावे लागते. याला एक कारण असे, की सरांची स्वतःची शैलीच एका जागी थांबलेली नव्हती. माळव्याच्या निसर्गचित्रांवरून ते घनवादाकडे वळले होते. १९५५ साली त्यांच्या ‘काटा’ या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९५६ साली ‘बडोदा ग्रुप’ उभा राहिला. त्यात सर आणि विद्यार्थी एकाच प्रदर्शनात, एकाच भिंतीवर आपली चित्रे लावत. १९५९ साली ते अधिष्ठाता झाले.

१९६६ साली, पंचावन्न-छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी ही नोकरी सोडली. इतक्या वर्षांनी मिळालेली स्थिर जागा सोडताना घरी काय बोलणे झाले असेल, त्याची कल्पनाच करावी. ते मुंबईला राहू लागले आणि पूर्ण वेळ चित्रे काढू लागले. खेड्यातल्या बायाबापड्या, गुरे, झाडे हे विषय जुनेच राहिले, रंगवण्याची रीत मात्र पुन्हा बदलली. आता शुद्ध रंगाचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवून ते चित्र उभे करीत. जवळून पाहिले तर नुसते ठिपके, चार पावले मागे सरले की ऊन.

१९६९ साली पद्मश्री मिळाली, पुढे मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान आणि १९९२ साली पद्मभूषण. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईला त्यांचे निधन झाले. तोवर हातातला कुंचला सुटला नव्हता.