आजारी सेनापतीचे घर

वसईजवळच्या गिरीज गावात हिरा डोंगरी नावाची टेकडी आहे. वर दत्ताचे देऊळ, खाली वाड्या. देवळात येणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते की याच टेकडीवर वज्रगड होता आणि त्याचे नाव वसईच्या मोहिमेशी, म्हणजेच चिमाजी आप्पांशी जोडलेले आहे. वसईचा विजेता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोणी धिप्पाड, कणखर पुरुष उभा राहतो. प्रत्यक्षात आप्पांची प्रकृती नाजूक होती. छातीचे दुखणे आणि खोकला यांनी त्यांचा पिच्छा कधी सोडला नाही. वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, १७ डिसेंबर १७४० रोजी ते गेले.

मला आप्पा जवळचे वाटू लागले ते माझ्या स्वतःच्या दुखण्यात. माझ्या मेंदूत गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, पण गाठ सगळी निघाली नाही. तिच्यासह जगायचे आहे. अंथरुणावर पडल्या पडल्या पेशवाईचा इतिहास पुन्हा वाचायला घेतला, तेव्हा लढायांपेक्षा घरातली माणसेच अधिक दिसू लागली. शत्रूशी लढणारा हा माणूस स्वतःच्या शरीराशीही लढत होता. मग त्याला बळ कुठून मिळत होते?

बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये सासवडला वारले, तेव्हा थोरले बाजीराव विशीत होते आणि आप्पा जेमतेम बारा-तेरा वर्षांचे. वडील गेले, पण घर विस्कटले नाही. त्याचे श्रेय मातोश्री राधाबाईंना द्यावे लागेल. दोघा भावांनी कामाची वाटणी करून घेतली. बाजीरावांनी घोडदौड करायची आणि आप्पांनी साताऱ्यास शाहू महाराजांची मर्जी राखायची, कर्जाची तोंडमिळवणी करायची, मागची व्यवस्था पाहायची. पण प्रकृती तोळामासा म्हणून आप्पांना घरात बसवून ठेवले, असे मात्र कधी झाले नाही. नोव्हेंबर १७२८ मध्ये माळव्यात अमझेऱ्याला गिरिधर बहादूर आणि दया बहादूर यांचा पराभव झाला, त्या फौजेचे नेतृत्व आप्पांकडेच होते. १७३६ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी सात मारला गेला, तोही आप्पांच्याच मोहिमेत.

या भागाशी मी पुनःपुन्हा अडखळतो. आजारी माणसाला जपणे सोपे असते. त्याच्यावर काम सोपवणे अवघड. माझ्या धाकट्या भावाने शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच महिन्यात वाडीच्या हिशेबाची वही माझ्यापुढे टाकली, तेव्हा मला त्याचा रागच आला होता. आकडे डोळ्यांपुढे नाचत. तरी बेरीज जमली त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो.

आप्पांच्या संसारावर घाव पडला तो १७३० साली. ऑगस्टमध्ये मुलगा झाला. हेच पुढे पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ. मूल महिन्याचेही नव्हते तोच आई रखमाबाई वारल्या. आईवेगळ्या नातवाला राधाबाईंनी पदराखाली घेतले. पुढे अन्नपूर्णाबाईंशी आप्पांचे दुसरे लग्न झाले. स्वतःचे दुखणे, मोहिमा आणि पोरके मूल हे सारे पेलणे त्यांना शक्य झाले, कारण मागे ही म्हातारी खंबीरपणे उभी होती.

वसईची मोहीम १७३७ साली सुरू झाली आणि दोन वर्षे चालली. ठाणे, साष्टी, मग तारापूर असे एकेक ठिकाण घेत मराठे वसईला भिडले. तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला भक्कम तट. बाहेरून मदत येऊ नये म्हणून गोव्याच्या बाजूने पोर्तुगीजांवर दाब ठेवणाऱ्या सरदारांत व्यंकटराव घोरपडे होते, म्हणजे आप्पांची बहीण अनुबाई हिचे यजमान. इथेही घरचाच माणूस! शेवटी सुरुंग उडाले, तटाला भगदाडे पडली, हजारो माणसे कामी आली आणि मे १७३९ मध्ये किल्ला हाती आला. शरण आलेल्या शिबंदीला शस्त्रे, सामान आणि बायकामुलांसह सुखरूप जाऊ दिले गेले. किल्ला पडत नसेल तर माझे शिर तरी तोफेच्या तोंडी देऊन आत टाका, असे आप्पा म्हणाल्याची आख्यायिका आमच्याकडे लहान मुलांनाही सांगतात. तिचा खरेखोटेपणा राहू द्या. आपल्यापाशी वेळ थोडा आहे हे जाणणाऱ्या माणसाची घाई मात्र तिच्यात मला दिसते.

घर म्हणजे नुसता आधार असतो असेही नाही. वसईनंतर काही महिन्यांतच मस्तानीच्या प्रकरणाने हे घर दुभंगले. तिला पुण्यात नजरकैदेत ठेवण्यात आप्पा आणि नानासाहेब दोघेही होते. थोरल्या भावाचे मन त्यामुळे किती पोळले असेल! माझ्या मते आप्पांच्या आयुष्यातली ही सर्वांत दुःखद गोष्ट, कारण भावावरची त्यांची माया तर तसूभरही कमी झालेली नव्हती. तरीही १७४० च्या आरंभी नासिरजंगावरच्या मोहिमेत दोघे भाऊ पुन्हा एकत्र आले. मग बाजीराव उत्तरेकडे निघाले आणि आप्पा नानासाहेबांसह कुलाब्याकडे, आंगऱ्यांचा तंटा मिटवायला.

२८ एप्रिलला नर्मदाकाठी रावेरखेडीस बाजीराव वारले. ही बातमी आप्पांना कोकणात कळली. त्यानंतर ते आठ महिनेही जगले नाहीत. त्या थोड्या दिवसांत दुखणे बळावत असतानाही त्यांनी पुतण्याची, नानासाहेबांची पेशवाई मार्गी लावली. त्यांच्यामागे अन्नपूर्णाबाई सती गेल्या. दहा वर्षांचे भाऊ आईविना होतेच, आता वडीलही गेले. पुण्याला ओंकारेश्वराच्या देवळाजवळ आप्पांची समाधी आहे.

राधाबाईंनी आठ महिन्यांत दोन्ही मुलगे गमावले. त्या पुढे १७५३ पर्यंत जगल्या, नातवंडांना वाढवीत.