वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे

अमेरिकेंतील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांचा जन्म १८१० सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील सॉकॉइट या खेड्यांत झाला. वडील कातडीं कमावीत असत. मुलानें १८३१ सालीं वैद्यकाची पदवी मिळविली. परंतु रोग्याच्या नाडीपेक्षां रानांतील पानाफुलांकडेच त्याचें मन ओढ घेई, म्हणून तो धंदा लवकरच सुटला. १८४२ पासून ते हार्वर्ड येथें अध्यापक होते. त्यांची विद्वत्ता सर्वश्रुत आहे. आम्ही येथें त्यांच्या आयुष्यांतील एकच गोष्ट सांगतों.

अमेरिकेंतील वनस्पतींचे कित्येक मूळ नमुने त्या काळीं युरोपांतच होते. ते डोळ्यांनीं पाहावे म्हणून ग्रे तिकडे गेले. १८३९ सालीं पॅरिस येथें आंद्रे मिशो या फ्रेंच संशोधकाचा जुना संग्रह चाळतां चाळतां, नांव न लागलेल्या वनस्पतींत त्यांस एक दाबून वाळविलेलें रोपटें दिसलें. त्यास पानें होतीं, फळ होतें. फूल मात्र नव्हतें. कॅरोलिनाचे उंच पर्वत, एवढेंच स्थळ चिठ्ठीवर लिहिलें होतें. आणि ही पायरोला असावी कीं अगदींच नवी प्रजाति, अशी शंकाही तेथेंच नोंदलेली होती. ग्रे यांनीं निर्णय केला कीं, ही पायरोला नव्हे. १८४२ सालीं त्यांनीं या नव्या प्रजातीस केंटकीचे वनस्पतिज्ञ डॉक्टर शॉर्ट यांच्या नांवावरून शॉर्टिया असें नांव दिलें. फूल न पाहतां प्रजाति ठरविणें हें धाडसच खरें!

पुढें कसोटी आली. १८४१ सालींच ग्रे त्या पर्वतांत हिंडून रिकाम्या हातीं परतले होते. मागाहून इतरांनींही शोध केला. सर्वजण भर उन्हाळ्यांत उंच शिखरें धुंडाळीत. आणि तें रोपटें तर खालीं, ओढ्याकांठच्या सावलींत वाढणारें व वसंताच्या आरंभींच फुलणारें! चिठ्ठीनेंच सर्वांस चकविलें. आमच्या शाळेंतील मुलें पानें दाबून वह्यांत चिकटवितात, पण तीं कोठें मिळालीं हें लिहावयास कंटाळतात. त्यांनीं येथें क्षणभर थांबावें. डॉक्टर शॉर्ट १८६३ सालीं वारले. आपल्या नांवाचें रोपटें त्यांस जिवंत असें कधींच पाहावयास मिळालें नाहीं.

१८७७ च्या मे महिन्यांत उत्तर कॅरोलिनांतील मॅरियन गांवाजवळ, कटॉबा नदीच्या कांठीं, जॉर्ज हायम्स नांवाच्या सतरा वर्षांच्या मुलानें एक अनोळखी रोपटें उपटलें. त्याचे वडील औषधी मुळ्यापाल्यांचा व्यापार करीत; पण त्यांसही तें ओळखतां येईना. त्यांनीं तें एका स्नेह्याकडे धाडलें, आणि तेथून १८७८ सालीं तें ग्रे यांच्या हातीं पोहोंचलें. या वेळीं फूलही होतें! जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीं केलेलें अनुमान खरें ठरलेलें पाहून त्या वृद्ध पंडितास केवढा हर्ष झाला असेल! पुढल्याच वर्षीं ते स्वतः तें स्थळ पाहावयास गेले.

मिशो यांनीं जेथून तो नमुना नेला होता तो मूळ प्रदेश सार्जंट यांस १८८६ सालीं सांपडला. तो उंच शिखरांवर नव्हता. कियोवी नदीच्या उगमाकडील ओढ्यांच्या कांठीं होता. ग्रे तेव्हां हयात होते. १८८८ च्या जानेवारींत ते वारले.