पशुवैद्य डनलॉप आणि हवेची धाव

उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे आमच्या बेळगाव भागातील रस्त्यांवरून साखर कारखान्यांकडे निघालेल्या बैलगाड्या आपण सर्वांनीच पाहिलेल्या आहेत. त्यांपैकी अनेक गाड्यांना लोखंडी धावेची लाकडी चाके नसतात. त्यांच्या जागी रबरी टायर बसविलेले असतात. अशा गाडीस शेतकरी डनलॉपची गाडी म्हणतात. हे डनलॉप म्हणजे कोण, असे विचारले तर कोणी एका कंपनीचे नाव सांगेल, कोणी मऊ गादीचे. परंतु ज्यांचे नाव आज बैलगाडीला चिकटून राहिले आहे, ते डनलॉप कारखानदार नव्हते, यंत्रविशारदही नव्हते. ते जनावरांचे डॉक्टर होते. त्यांची हकीकत आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस बोधप्रद वाटेल, म्हणून ती येथे थोडक्यात देत आहोत.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म इ. स. १८४० च्या फेब्रुवारी महिन्याच्या ५ तारखेस स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. ते दोन महिने आधी जन्मले होते, असे त्यांना सांगण्यात आले होते. त्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे अशी त्यांची व त्यांच्या मातापित्यांची समजूत होऊन बसली, आणि जन्मभर ते त्या समजुतीप्रमाणे जपून वागले. गंमत अशी की, वयाच्या ऐंशी वर्षांपर्यंत त्यांना म्हणण्यासारखे मोठे दुखणे कधी झालेच नाही.

एडिंबरो येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन १८५९ साली, म्हणजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते व्यवसायास लागले. काही वर्षे स्वदेशी काढून १८६७ मध्ये ते समुद्र ओलांडून आयर्लंडमध्ये गेले. १८७१ साली मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्यांना एक कन्या आणि एक पुत्र अशी दोन अपत्ये झाली. बेलफास्ट शहरात त्यांनी आपला चांगलाच जम बसविला. १८८५ च्या सुमारास त्यांचा दवाखाना आयर्लंडमधील मोठ्या पशुचिकित्सालयांत गणला जात असे. घरी समृद्धी, गावात मान, वय सत्तेचाळीस. अशा माणसाने काही नवा उद्योग आरंभावा असे कोणतेही कारण बाहेरून पाहणाऱ्यास दिसले नसते.

परंतु कारण घरातच होते. त्यांचा लहानगा मुलगा जॉनी तीन चाकांच्या सायकलीवर बसून हिंडत असे. बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांचे, मध्येमध्ये ट्रामचे रूळ, आणि सायकलीची चाके टणक. प्रत्येक चिऱ्याचा धक्का त्या बालकाच्या अंगास बसे. मुलाची सायकल अधिक सुखाने व अधिक वेगाने चालावी, एवढीच पित्याची इच्छा होती. शर्यती, कारखाने, मोटारी यांचा विचारही त्या वेळी त्यांच्या मनात नव्हता.

१८८७ च्या अखेरीस डनलॉप यांनी सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाची एक लाकडी तबकडी घेतली. पातळ रबराच्या पत्र्याची एक नळी तयार करून ती तबकडीच्या कडेवर बसविली, वरून कापड ताणून ते खिळ्यांनी पक्के केले आणि फुटबॉलमध्ये हवा भरण्याच्या पंपाने नळीत हवा भरली. मग घराच्या अंगणात त्यांनी एका बाजूस जॉनीच्या सायकलीचे मूळचे चाक व दुसऱ्या बाजूस आपले हवेचे चाक अशी दोन्ही चाके लोटून दिली. जुने चाक काही अंतर जाऊन लवंडले. हवेचे चाक मात्र सारे अंगण ओलांडून पलीकडच्या फाटकाच्या खांबावर आदळले व तेथून उसळी घेऊन मागे आले. सारी परीक्षा एवढीच. पण तिने दिलेले उत्तर निःसंदिग्ध होते.

हे असे का घडले, याचा विचार आपणही करून पाहू. टणक चाकापुढे खडा आला की चाकाला त्याच्या माथ्यावर चढावे लागते. चाकाबरोबर सारी गाडी व तिजवरील ओझे उचलले जाते, पुन्हा खाली आदळते, आणि पुढे जाण्याची शक्ती या उचलआपटीत वाया जाते. हवेने भरलेल्या चाकापुढे तोच खडा आला तर टायर तेवढ्यापुरता आत दबतो, खड्यास आपल्यात सामावून घेतो आणि लगेच पूर्ववत् होतो. गाडी जवळजवळ समपातळीत पुढे जाते. तात्पर्य, हवेचे चाक केवळ मऊ असते असे नव्हे. ते ओढण्यासही हलके असते. मऊ वस्तू जड चालेल असे सामान्य माणसास वाटत होते. अंगणातील त्या दोन चाकांनी तो समज खोटा ठरविला.

यानंतर डनलॉप यांनी जॉनीच्या सायकलीच्या मागील दोन्ही चाकांना असे टायर बसविले. बसणाऱ्याचा बहुतेक भार तेथेच पडत असल्याने धक्क्याचा बंदोबस्तही तेथेच प्रथम होणे योग्य होते. १८८८ च्या फेब्रुवारीच्या २८ तारखेस रात्री त्या सायकलीची परीक्षा झाली. पुढे त्यांनी मोठ्या सायकलींसाठी टायर बनविले, बेलफास्टच्या एका क्रीडांगणावर ते तपासून पाहिले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या ७ तारखेस त्यांना या शोधाचे पेटंट मंजूर झाले.

लोकांनी मात्र प्रथम थट्टाच केली. सडपातळ चाकांची सवय झालेल्या डोळ्यांना ते जाडजूड टायर विद्रूप वाटले. ती थट्टा थांबविली विल्यम ह्यूम नावाच्या एका सायकलपटूने. बेलफास्टच्या एका सायकल क्लबाचे ते कप्तान होते. डनलॉप यांच्या सूचनेवरून त्यांनी हवेच्या टायरांची सायकल शर्यतीत उतरविली. १८८९ च्या मे महिन्याच्या १८ तारखेस बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर झालेल्या चारही सायकल शर्यती ह्यूम यांनी जिंकल्या. लवकरच लिव्हरपूल येथे एक वगळून साऱ्या शर्यतींत तेच पहिले आले. हसणारे लोक आता तसेच टायर मागू लागले.

पराभूत स्पर्धकांत डब्लिन येथील हार्वी डु क्रॉस या व्यापाऱ्याचे पुत्र होते. मुलांच्या पराभवाने खट्टू न होता त्या चतुर गृहस्थाने पराभवाचे कारण शोधले. १८८९ मध्येच डब्लिन येथे टायर तयार करण्यासाठी कंपनी स्थापन झाली. डनलॉप यांनी आपले पेटंट डु क्रॉस यांच्या स्वाधीन केले व मोबदल्यात कंपनीचे १,५०० भाग घेतले.

येथवरची कथा यशाची झाली. डनलॉप यांची खरी कसोटी यापुढे लागली. पेटंट मिळून दोन वर्षे होतात न होतात तोच, १८९० मध्ये, ते रद्दबातल असल्याचे त्यांस अधिकृतपणे कळविण्यात आले. कारण असे की, हवेच्या चाकाची कल्पना त्यांच्या आधी चाळीसहून अधिक वर्षे दुसऱ्या एका माणसाने नोंदवून ठेवली होती. रॉबर्ट विल्यम टॉमसन हे त्याचे नाव, तेही स्कॉटलंडचेच. १८४५ साली, अवघ्या तेविसाव्या वर्षी, टॉमसन यांनी रबर लावलेल्या कापडाची नळी व तिजवर चामड्याचे आवरण असे चाक योजून इंग्लंडात पेटंट घेतले होते. पाठोपाठ फ्रान्समध्ये १८४६ साली व अमेरिकेत १८४७ साली. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना ती चाके लावून लोकांना दाखविलीही होती. परंतु त्या काळी सायकल नव्हती, मोटार नव्हती, चांगले पातळ रबर मिळण्याची मारामार होती आणि घोडागाडीच्या मालकांस एवढा खर्च परवडणारा नव्हता. कल्पना कागदोपत्री राहून गेली. १८७३ साली टॉमसन वारले. डनलॉप यांना त्यांच्या कार्याची गंधवार्ताही नव्हती. पण नियम तो नियम.

मग या शोधाचा जनक कोणास म्हणावे? आमच्या मते दोघांचाही मान दोघांस द्यावा. पहिला विचार टॉमसन यांचा, यात संशय नाही. तो विचार लोकांच्या उपयोगास आणून त्याचे व्यवहारात रूपांतर करण्याचे श्रेय डनलॉप यांचे, यातही संशय नाही. एकाचा सन्मान करण्यासाठी दुसऱ्याचे नाव पुसण्याचे कारण नाही.

शिवाय डनलॉप यांचा टायर अजून पूर्णत्वास गेला नव्हता. तो चाकास कायमचा चिकटविलेला असे. वाटेत खिळा टोचला तर टायर सोलून काढणे, छिद्र शोधणे, ठिगळ लावणे, पुन्हा चिकटविणे व तो सुकेपर्यंत थांबणे यांत तासचे तास जात. दुरुस्त न करता येणारी वस्तू कितीही गुणी असली तरी ती घरोघर पोहोचत नाही. ही उणीव दुसऱ्यांनी भरून काढली. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी काठांत तार घातलेला, चाकावरून काढता-घालता येणारा टायर शोधला. त्याच वर्षी विल्यम बार्टलेट यांनी काठ अडकवून बसविण्याची दुसरी युक्ती काढली. कंपनीने ही दोन्ही पेटंटे विकत घेतली, आणि मूळ पेटंट गेल्यावरही ती तरली ती यांच्याच बळावर. १८९१ मध्ये चार्ल्स वुड्स यांनी हवा भरण्याचा सोयीस्कर व्हॉल्व्ह दिला. सायकलीच्या दुकानात आपण जी बारीक रबरी वालट्यूब घालून घेतो, ती त्याच व्हॉल्व्हची. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी सुटा होणारा टायर तयार केला व १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटार प्रथमच धावविली. वाटेत ट्यूब बदलता बदलता त्यांची पुरेवाट झाली. पण मोटारीचे भवितव्य त्या प्रवासात ठरून गेले.

मोटारीस टायरावाचून चालत नाही, याचे कारणही समजून घेण्याजोगे आहे. टांग्याप्रमाणे मोटारीलाही कमानी असतात. कमानीच्या वर जे बसले आहेत त्यांना कमान सांभाळते. परंतु आस व चाके कमानीच्या खाली असतात. त्यांना रस्त्याचा धक्का थेट सोसावा लागतो. तेथे टायरातील हवा हाच एक आधार. वेग वाढला की हा धक्का अनेक पटींनी वाढतो. म्हणून लहान धक्के टायराने गिळावेत, मोठे कमानीने झेलावेत आणि त्यानंतरचे हेलकावे शॉक-ॲब्सॉर्बरने शमवावेत, अशी ही कामाची वाटणी आहे. टायरात हवा कमी असेल तर त्याच्या बाजू वारंवार दुमडून तापतात आणि कडा झिजतात. हवा जास्त झाली तर मधला भाग झिजतो व धक्के वर पोहोचतात. सायकल असो वा मोटार, मागील चाकात हवा पाहिल्यावाचून ओझे लादू नये, हा धडा यातूनच निघतो.

डनलॉप १८९५ साली कंपनीतून निवृत्त झाले. दुसऱ्याच वर्षी डु क्रॉस यांनी तो सारा व्यवसाय तीस लाख पौंडांस विकला. डनलॉप यांच्या पदरी मोठी संपत्ती अशी पडली नाही. डब्लिन येथे कापडाच्या एका व्यवसायात लक्ष घालून ते शांतपणे राहिले. १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये थंडी बाधल्याचे निमित्त झाले आणि २३ तारखेस, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. हवेच्या टायराचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला होता. तो त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कन्येने प्रसिद्ध केला.

त्यांचे नाव धारण करणारा मोठा कारखाना आपल्या देशात बंगालमधील साहागंज येथे १९३६ साली सुरू झाला. अनेक दशके चालून तोही पुढे बंद पडला. कंपन्या निघतात आणि मोडतात, पेटंटे मिळतात आणि रद्द होतात. उरते ते काम. डनलॉप यांनी आयुष्याची पंचवीसतीस वर्षे मुक्या जनावरांची दुखणी बरी करण्यात घालविली; नंतर एका मुलाच्या सुखासाठी एक चाक तयार केले. त्या चाकाने बैलांच्या खांद्यावरील भार हलका केला, आणि आपल्या शेतकऱ्याने, कोणी न सांगता, त्या गाडीस त्या पशुवैद्याचेच नाव दिले. पेटंटाच्या कागदावर जे टिकले नाही ते गावोगावच्या बोलीत टिकून राहिले आहे. उद्या उसाने भरलेली अशी एखादी गाडी शाळेच्या वाटेवर भेटली, तर क्षणभर थांबून तिच्या चाकांकडे पाहावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.