ख्वाजा अहमद अब्बास : सिनेमावर लिहिता लिहिता सिनेमात उतरलेला पत्रकार

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी एक ठरलेला वाद होतो. शीरखुर्मा खाऊन झालेला असतो, पाहुणे निवांत बसलेले असतात आणि कुणीतरी विषय काढतं की परवा अमुक सिनेमा बघितला, तुम्हीही बघा. लगेच दुसरा म्हणतो, बकवास आहे, पैसे वाया. फुफीचा मुलगा मोबाईलवर किती स्टार मिळाले ते वाचून दाखवतो. कोपऱ्यात बसलेले चाचा तस्बीह थांबवून सांगतात की सिनेमा बघणंच मुळात वाईट, चांगला काय आणि वाईट काय! तासभर आवाज होतो. पण सिनेमा का आवडला किंवा का आवडला नाही, हे धड कुणी सांगत नाही.

अशा वेळी मला एका माणसाची आठवण येते. जून महिना त्यांचाच आहे. 7 जून 1914 ला त्यांचा जन्म झाला आणि 1 जून 1987 ला मुंबईत इंतकाल. मरहूम ख्वाजा अहमद अब्बास. ‘आवारा’, ‘श्री 420’ आणि ‘बॉबी’ लिहिणारे, अमिताभ बच्चनला पहिला सिनेमा देणारे म्हणून त्यांचं नाव आपल्याला माहीत असतं. पण त्याआधी ते सिनेमाचे प्रेक्षक होते, आणि बघितलेल्या सिनेमाबद्दल लोकांना स्पष्ट मत सांगणारे पत्रकार होते. माझ्या मते त्यांची खरी ओळख तीच.

अब्बास पानिपतचे. आपल्या मराठी कानांना पानिपत म्हटलं की 1761 आठवतं, पण उर्दू वाचणाऱ्यांना आठवतात मौलाना अल्ताफ हुसैन हाली. गालिबचे शागीर्द, सर सय्यद यांचे सोबती, मुसलमानांच्या तालीमसाठी कळकळीनं लिहिणारे शायर. अब्बास हे हालींचे पणतू. आई मसरूर खातून या हालींच्या घराण्यातल्या. वडिलांच्या बाजूचे ख्वाजा गुलाम अब्बास यांना 1857 च्या बंडात इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलं, ही आठवणही त्या घरात होतीच. म्हणजे एका बाजूला कलम, दुसऱ्या बाजूला बंड. या मुलानं पुढे जे केलं त्यात दोन्ही दिसतं.

शाळा हालींच्याच नावाची. पंधराव्या वर्षी मॅट्रिक. मग अलीगढ, 1933 मध्ये बी.ए. आणि 1935 मध्ये वकिलीची पदवी. वकिली मात्र केली नाही. अलीगढमध्ये असतानाच विद्यार्थ्यांचं साप्ताहिक काढायची खोड लागली होती. पदवी हातात पडली आणि साहेब मुंबईला आले, ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये. सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांच्या संपादकत्वाखाली हे वर्तमानपत्र त्या काळी स्वातंत्र्याच्या चळवळीचा आवाज होतं.

तिथे चित्रपटांचं पान त्यांच्याकडे आलं. तेव्हाची चित्रपट परीक्षणं म्हणजे बहुतेक जाहिरातीचाच भाऊ. गाणी किती, नाच किती, नटी कोण, की संपलं. अब्बास यांनी सिनेमाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. ही गोष्ट खरी वाटते का? यात गरीब माणूस दिसतो, तो खऱ्या गरिबासारखा आहे का? बाई आहे, तिला स्वतःचं डोकं दिलंय का? आवडला तर भरभरून लिहायचं आणि नावडला तर निर्मात्याचं नाव मोठं असलं तरी सोडायचं नाही. व्ही. शांताराम यांचा ‘दुनिया न माने’ (मराठीत ‘कुंकू’) आणि ‘आदमी’ (मराठीत ‘माणूस’) हे सिनेमे त्यांना मनापासून आवडले आणि त्यांनी ते उघडपणे उचलून धरले. पुण्याच्या प्रभातचं काम मुंबईच्या इंग्रजी वाचकापर्यंत पोहोचवणाऱ्यांत हा पानिपतचा तरुण होता, हे आपण मराठी माणसांनी विसरू नये.

एक गोष्ट मात्र मला खटकते, ती सांगतो. 1936 पासून ते बॉम्बे टॉकीजसाठी अर्धवेळ प्रसिद्धीचं कामही करत होते. एकीकडे परीक्षण लिहायचं आणि दुसरीकडे एका कंपनीची जाहिरात करायची. आज कुणी असं केलं तर आपण त्याला सोडणार नाही. पगार तुटपुंजा होता, हे कारण असेल. पण कारण आहे म्हणून गोष्ट बरोबर होत नाही.

आता चाचांच्या मुद्द्याकडे येतो. सिनेमा म्हणजे पापच, असं मानणारे तेव्हा सगळ्या समाजांत होते, आणि त्यांत सर्वांत मोठं नाव होतं महात्मा गांधींचं. गांधीजींनी सिनेमाला जुगार, सट्टा यांच्या रांगेत बसवलं होतं. अब्बास गांधीजींना मानणारे. त्यांना हे फार लागलं. 1939 च्या ऑक्टोबरमध्ये बाबूराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकात त्यांनी गांधीजींना उघड पत्र लिहिलं. वय होतं पंचवीस! पत्रात आदब पूर्ण होती, पण बाजू सोडलेली नव्हती. वाईट सिनेमे निघतात हे त्यांनी कबूल केलं. पण पुस्तकंही वाईट निघतात, म्हणून कुणी छापखाना वाईट ठरवत नाही, अशा धर्तीचा त्यांचा युक्तिवाद होता. नुसता वाद न घालता त्यांनी चांगल्या चित्रपटांची यादीच दिली आणि त्यात प्रभातचा ‘संत तुकाराम’ होता. हालींचा पणतू गांधीजींना तुकोबांचा सिनेमा सुचवतो, हे मला आजही वाचताना बरं वाटतं. गांधीजींचं मत त्यामुळे बदललं असं दिसत नाही. पुढे 1944 मध्ये जुहूला त्यांनी ‘रामराज्य’ थोडा वेळ पाहिला, एवढंच.

त्याच सुमाराची दुसरी हकीकत आपल्यासाठी जास्त महत्त्वाची आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. 1938 मध्ये ‘द ड्रम’ नावाचा इंग्रजी सिनेमा मुंबईत लागला. सरहद्द प्रांतातला दगाबाज मुसलमान सरदार आणि त्याला धडा शिकवणारे इंग्रज, अशी गोष्ट. मुंबईत मोठी निदर्शनं झाली आणि सिनेमा उतरवावा लागला. लगेच पुढच्या वर्षी हॉलिवूडचा ‘गंगा दिन’ आला. यात खलनायक होते कालीमातेचे भक्त, आणि चांगला हिंदुस्थानी कोण तर गोऱ्या शिपायांसाठी जीव देणारा भिश्ती. अब्बास यांनी ‘फिल्मइंडिया’तून या सिनेमावर सणसणीत लेख लिहिला. बदनामी कालीभक्तांची होती, तरी लिहिणारा अब्बास होता. आपला कोण आणि परका कोण, हे त्यांनी धर्म बघून ठरवलं नाही. गोष्ट खोटी आहे आणि ती एका पूर्ण समाजाला लावली जाते आहे, एवढं त्यांना पुरलं. शेवटी मुंबई आणि बंगाल प्रांतांत ‘गंगा दिन’वर बंदी आली.

आज एखाद्या सिनेमात आपल्याला जसं दाखवतात ते बघून घराघरांत राग असतो, आणि तो रास्त असतो. पण त्या रागाचं काय करायचं हे कळत नाही. मग मोबाईलवर शिव्या लिहिल्या जातात. अब्बास यांनी सिनेमात नेमकं काय खोटं आहे ते मुद्दे काढून लिहिलं, म्हणून ते दुसऱ्या समाजाच्या लोकांनीही वाचलं.

सतत टीका केली की समोरून ठरलेलं उत्तर येतं, लिहिणं सोपं आहे, एक सिनेमा काढून दाखव! अब्बास यांनी काढून दाखवला. आधी पटकथा. पत्रकारांच्या जगावरचा ‘नया संसार’ 1941 मध्ये पडद्यावर आला. पण पटकथा दुसऱ्याच्या हातात गेली की तिचं काय होतं, हे लवकरच कळलं. मग 1946 मध्ये बंगालच्या दुष्काळावर ‘धरती के लाल’ स्वतः दिग्दर्शित केला. त्याच वर्षी त्यांनी लिहिलेल्या ‘नीचा नगर’ला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आणि त्याच वर्षी आला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’.

सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस कोण हे सांगायला नको. 1938 मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक. बाकीचे परतले, कोटणीस तिथेच जखमी सैनिकांवर इलाज करत राहिले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांच्यावर पुस्तक लिहिलं अब्बास यांनी. त्यावरूनच शांताराम यांनी सिनेमा काढला आणि कोटणीस स्वतः रंगवले. ज्या शांतारामांच्या सिनेमांवर अब्बास पत्रकार म्हणून लिहीत होते, त्यांच्यासाठीच आता त्यांनी पटकथा लिहिली. सोबत होते वसंत साठे, म्हणजे व्ही. पी. साठे. ही अब्बास-साठे जोडी पुढे वर्षानुवर्षं टिकली. ‘आवारा’ची कथा या दोघांची, ‘श्री 420’ची पटकथाही दोघांची. एक पानिपतचा ख्वाजा, एक मराठी साठे. राज कपूरचं नाव रशियापर्यंत गेलं त्यात या दोघांचा केवढा वाटा होता, हे पोस्टर बघून कळत नाही.

दरम्यान फाळणी झाली. पानिपतची मुसलमान वस्ती उठली, शेकडो वर्षांची घरं मागे राहिली. अब्बास मुंबईतच राहिले. हा एवढा मोठा घाव मी दोन ओळींत लिहितो आहे, कारण त्यावर त्यांनी स्वतःच पुष्कळ लिहून ठेवलंय, कथांमधून आणि 1977 च्या आत्मचरित्रातून.

राज कपूरसाठी लिहिलेले सिनेमे चालायचे. ‘मेरा नाम जोकर’ पडला, पण 1973 च्या ‘बॉबी’नं सगळी कसर भरून काढली. खरं सांगायचं तर ‘क्रॉनिकल’मधल्या तरुण अब्बासच्या हाती ‘बॉबी’ लागला असता तर त्यानं तो चांगलाच झोडपला असता. अशा कामातून आलेला पैसा अब्बास आपल्या ‘नया संसार’ कंपनीच्या सिनेमांत घालायचे, आणि तिथे तो बहुतेक वेळा बुडायचा. पण सिनेमे बघा कसले! ‘परदेसी’ हा रशियाबरोबर मिळून काढलेला सिनेमा अफनासी निकितिन या व्यापाऱ्यावर आहे. हा निकितिन पंधराव्या शतकात आपल्या कोकणात चौलला उतरला होता आणि जुन्नरवरून बिदरला गेला होता. रेवदंड्यात आज त्याचं स्मारक आहे. ‘शहर और सपना’मध्ये मुंबईत घर न मिळालेलं जोडपं पाण्याच्या मोठ्या पाइपात संसार मांडतं. त्याला 1963 च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं.

मग 1969 चा ‘सात हिंदुस्तानी’, गोवामुक्तीची गोष्ट. यात अब्बास यांनी मुद्दाम एक गंमत केली. ज्या नटाची जी ओळख, ती त्याला द्यायचीच नाही. अलाहाबादचा अमिताभ बच्चन झाला अन्वर अली नावाचा मुसलमान शायर. मेहमूदचा भाऊ, खराखुरा अन्वर अली, झाला कट्टर हिंदीवाला रामभगत शर्मा. बंगाली उत्पल दत्त पंजाबी शेतकरी, केरळचा मधू बंगाली, आणि जलाल आगा झाला आपला मराठी सखाराम शिंदे! प्रेक्षकाला शेवटी कोण कोण आहे हे वेगळं काढता येऊ नये, असा त्यांचा डाव होता. राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार या सिनेमाला मिळाला, आणि कैफी आझमींना गीतांसाठी.

त्याच काळात ते सरकारशी कोर्टात भांडत होते. ‘चार शहर एक कहानी’ हा त्यांचा छोटा माहितीपट. शहरांतली श्रीमंती आणि शेजारची लाचारी, त्यात मुंबईची बदनाम वस्तीही होती. सेन्सॉर सगळ्यांना दाखवायचं प्रमाणपत्र देईना. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा सरकारनं माघार घेतली आणि काटछाट न करता प्रमाणपत्र द्यायची तयारी दाखवली. दुसरा कुणी असता तर मिठाई वाटून घरी गेला असता. अब्बास यांनी अर्ज वाढवला. वर्तमानपत्राला आधी तपासत नाहीत, मग सिनेमालाच का, असा त्यांचा सवाल होता. 1970 मध्ये निकाल दिला तो सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी, नागपूरच्या मॉरिस कॉलेजमध्ये शिकलेले आणि पुढे तिथल्याच हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झालेले. सिनेमा माणसाच्या मनाला फार लवकर हलवतो, म्हणून आधी तपासणं चालेल, पण नियम साफ हवेत आणि कलेला जागा हवी, असा तो निकाल. अब्बास हरले, पण आजही सेन्सॉरचा वाद निघाला की वकील हेच प्रकरण काढतात.

‘गंगा दिन’ बंद पडला तेव्हा जो माणूस खूश होता, तोच तीस वर्षांनी सेन्सॉरच नको म्हणत होता. ही विसंगती आहे, आणि ती झाकायचं कारण नाही. माझा अंदाज असा की 1939 मध्ये समोर इंग्रजांचं राज्य होतं आणि हातात मत नव्हतं. 1970 चा प्रेक्षक आपलं सरकार निवडत होता, मग सिनेमाही निवडू दे, असं त्यांना वाटलं असावं. वाचकांना हे पटेलच असं नाही.

या सगळ्यात त्यांचं सदर कधी थांबलं नाही. ‘क्रॉनिकल’मधलं ‘लास्ट पेज’ पुढे ‘ब्लिट्झ’मध्ये गेलं, उर्दूत ‘आझाद कलम’ झालं आणि आखेरपर्यंत चाललं. ‘ब्लिट्झ’ हातात आला की लोक शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करायचे, असं जुने वाचक सांगतात. सत्तरच्या वर पुस्तकं, 1969 मध्ये पद्मश्री. बेगम मुज्तबाई 1958 मध्येच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. राज कपूरसाठी लिहिलेला ‘हिना’ 1991 मध्ये पडद्यावर आला तेव्हा अब्बासही नव्हते आणि राज कपूरही.

यंदा ईदला वाद सुरू झाला की मी ‘सात हिंदुस्तानी’ लावणार आहे. कृष्णधवल आहे, मुलं कुरकुर करतील. सिनेमा संपल्यावर प्रत्येकानं आवडला की नाही ते सांगायचं, आणि का ते पण. चाचांनीसुद्धा.